वाक्य पूर्ण करा

"हे इकडे आले का?"

इंदूवहिनी चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभ्या होत्या. रविवारची सकाळ होती, आम्ही सगळे तालमीला जमलो होतो आणि त्यांच्याच नवऱ्याची वाट बघत होतो. प्रल्हादभाऊ गावंडे म्हणजे आमच्या नाटकाचा नायक. त्यांच्याशिवाय पहिला अंक उघडतच नव्हता.

"मीच आता तुमच्याकडे कोणाला तरी पाठवणार होतो," खोडके सर म्हणाले. सर आमचे दिग्दर्शक. "घरी नाही का ते?"

"काल तालमीतून घरी आलेच नाही. दुकानाची चाबी बाजूच्या हॉटेलवाल्याजवळ देऊन गेले. येष्टीत बसताना पाह्यलं म्हनते कोनी तरी. हाती थैली होती म्हनते." वहिनींनी एका दमात सांगितलं आणि मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "काल इथं काही बोलले का ते? कोनावर चिडले गिडले?"

"छे हो! उलट कालची तालीम फार छान झाली."

"सकाळी मी बोलली होती त्याइले. म्हनलं, नाटकात एवढं बोलता अन् घरी तोंडाले कुलूप. तेवढंच बोलली मी." त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याच्यामुळं तं नाही गेले? तुमाले काही म्हनले असतीन तं सांगा न."

सरांनी मान हलवली. मग एकेकानं हलवली. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हणाले, "नाही वहिनी. काल तर ते हसत होते."

यात खोटं काही नव्हतं. प्रल्हादभाऊ आदल्या दिवशी खरंच हसले होते, आणि ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

ही गोष्ट परतवाड्याची, मी तेवीस वर्षांची असतानाची. सकाळी बालवाडीत पोरांचे शेंबूड पुसायचे आणि संध्याकाळी नाटकात न्यायमूर्तींची कॉलेजात जाणारी मुलगी व्हायचं, असा माझा दिनक्रम होता. बालवाडीतली ही वासंती मला मुळीच आवडत नसे. न्यायमूर्तींची मुलगी मात्र फार आवडे, कारण तिला प्रत्येक प्रवेशात एक तरी टाळीचं वाक्य होतं.

न्यायमूर्ती म्हणजे प्रल्हादभाऊ. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. संत्र्याच्या बागांतल्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या आणि ते दिवसभर मान खाली घालून तांब्याच्या तारा गुंडाळत बसायचे. गिऱ्हाइकाशी दोन शब्द, चहावाल्याशी एक. पण तालमीत उभे राहिले की हाच माणूस असा काही खणखणीत बोलायचा की आम्हांला आमची वाक्यं आठवत नसत. पुण्यात जन्म काढल्यासारखी भाषा. 'ण'ला 'न' नाही की 'मला'ला 'मले' नाही.

भाषेचं खोडके सरांना वेड होतं. ते मराठीचे निवृत्त मास्तर. बाहेर सगळे आमच्या वऱ्हाडीत बोलायचो, सरसुद्धा, पण वर्गाचा उंबरठा ओलांडला की प्रमाण मराठी, असा त्यांचा नियम होता, आणि मला तर तीच सवय बाहेरही लागली होती. भूमिकेत असताना ज्याच्या तोंडून 'मले', 'तुले', 'काहून' निघेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. व्हरांड्यात स्टोव्ह ठेवलेलाच असे. कोणी चुकलं की आम्ही सगळे एका आवाजात 'चहा!' म्हणून ओरडायचो, आणि पहिलं कोण ओरडतं याची चढाओढ असायची. बहुतेक वेळा पहिली मी असे. माझे कान त्या बाबतीत फार तिखट होते आणि मला त्याचा अभिमान होता.

तर त्या शनिवारी अमरावतीहून मृणाल नावाची मुलगी आली होती. मानसशास्त्रात एम.ए. करत होती. कलावंत माणसांना व्यक्तिमत्त्व चाचण्यांची जास्त ओढ असते का, हा तिचा विषय. आल्या आल्या आम्ही तिच्याभोवती असा गराडा घातला की तिला खुर्चीवर नीट बसताही येईना.

"आधी मी त्या बाजूच्या सोसायटीच्या कार्यालयात गेले होते," ती हसत म्हणाली. "तिथं दोघांनीच चाचणी दिली. तीही साहेब म्हणाले म्हणून. आणि इथं तर रांग लागलीय."

"लागणारच," सर म्हणाले. "नटाला आरसा दाखवा, तो लगेच भांग पाडायला लागतो."

चाचणी सोपी होती. ती अर्धं वाक्य बोलणार, आपण ते पहिल्यापासून म्हणून पूर्ण करायचं. मनात येईल ते, विचार न करता. माझा नंबर पहिला, कारण मी तो लावून घेतला होता.

"लहानपणी मला…" मृणाल म्हणाली.

"लहानपणी मला आरशाची भीती वाटायची," मी म्हणाले. जरा थांबून, खालच्या आवाजात.

"वा!" कोणीतरी म्हणालं.

लहानपणी मला भीती वाटायची ती पालींची. पण पाल काय सांगायची चार माणसांत? मृणालनं सगळ्यांना वीस वाक्यं घातली आणि माझी वीसच्या वीस अशीच झाली. एकही खरं नव्हतं आणि एकही वाईट नव्हतं. खोटं बोलतोय असं मला वाटलंही नाही. मला वाटलं, मी छान उत्तरं देतेय.

सगळ्यांची हौस फिटली, फक्त प्रल्हादभाऊ खिडकीत बसून राहिले होते.

"या ना," मृणाल म्हणाली.

"माही काय चाचणी घेता बाई," ते म्हणाले. भूमिकेत नव्हते, म्हणून वऱ्हाडीला दंड नव्हता. "आमच्याजवळ सांगाले काही नाही."

"अहो भाऊ, सगळ्यांनी दिली."

"ते सगळे बोलनारे हायेत."

सरांनाच मग कल्पना सुचली. "प्रल्हाद, तू न्यायमूर्ती म्हणून उत्तरं दे. भूमिकेचा अभ्यासही होईल." मृणालला ते चालणार नव्हतं, तिच्या विषयात बसत नव्हतं, पण आम्ही सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. भाऊ उठले, खांदे मागे घेतले आणि तिच्यासमोर येऊन बसले. बसता बसताच माणूस बदलला. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. मुलगी ना मी त्यांची!

"मला राग येतो तेव्हा…"

"मला राग येतो तेव्हा मी चष्मा पुसतो. समोरच्याला वाटतं, मी विचार करतोय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हे नाटकात कुठंच नव्हतं.

"माझ्या मुलीला वाटतं की…"

"माझ्या मुलीला वाटतं की मी तिला ओळखत नाही. मी तिला चांगला ओळखतो. तिला ते आवडणार नाही, म्हणून सांगत नाही."

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. माझ्या आरशापेक्षा हे कितीतरी वरचं होतं.

अशी दहाबारा वाक्यं झाली. वर्गात कोणी हलत नव्हतं. मग मृणाल म्हणाली, "मला आता फक्त…"

भाऊंनी हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले आता फक्त…"

"चहा!" मी ओरडले.

पहिली मीच. माझ्यामागून सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "चहा! भाऊंना चहा लागला! न्यायमूर्ती घसरले!" इतक्या महिन्यांत न चुकलेला माणूस चुकला होता, मग काय विचारता. नाटकातल्याच आमच्या सुभाषनं टेबल वाजवलं. सरही पोट धरून हसत होते. प्रल्हादभाऊंनी आमच्याकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि तेही हसले. मग उठून व्हरांड्यात गेले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले.

चहा चांगला झाला होता. आलं घातलं होतं त्यांनी.

मृणालनं कप घेताना विचारलं, "भाऊ, तुमचं ते एक वाक्य राहिलं."

"राहू द्या," ते म्हणाले. "ते भूमिकेतलं नव्हतं."

यावरही आम्ही हसलो.

नंतरचा आठवडा शोधाशोधीत गेला. पोलिसांत वर्दी झाली, अकोला झालं, शेगाव झालं, वहिनींच्या माहेरचे सगळे नातेवाईक झाले. येष्टी नागपूरकडची होती एवढंच कळलं. नाट्यस्पर्धा तोंडावर होती म्हणून खोडके सर स्वतः न्यायमूर्तींची भूमिका करायला उभे राहिले. पहिल्याच तालमीत त्यांच्या तोंडून 'काहून' निघालं आणि कोणीच चहा मागितला नाही.

"प्रल्हाद असा कधी चुकला नाही," सर खाली बसत म्हणाले. "एकदाच चुकला. तोही शेवटच्या दिवशी."

"चुकले नव्हते ते," मी म्हणाले.

माझ्या तोंडून ते निघालं तेव्हाच मला ते कळलं. अडीच महिने ज्या माणसाच्या जिभेवरून 'मले' सुटलं नाही, तो दहाबारा वाक्यं न्यायमूर्तींची बोलला आणि मग एक वाक्य स्वतःचं बोलायला लागला. स्वतःचं होतं म्हणून ते स्वतःच्या भाषेत आलं. आणि आम्ही व्याकरण ऐकलं.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. सरांनी चष्मा काढून हातात घेतला.

"वहिनींना सांगायला हवं," मी म्हणाले.

"काय सांगणार? पुढं काय म्हणाले ते ऐकलं कोणी?"

कोणीच ऐकलं नव्हतं. सुभाषनं नाही, सरांनी नाही. मृणाल पुन्हा आली तेव्हा तिला मी कोपऱ्यात घेऊन विचारलं. ती जरा रागावूनच म्हणाली, "मला कसं ऐकू येणार? तुम्ही ओरडलात ना. मी तर नंतर त्यांना विचारलंसुद्धा." विचारलं होतं तिनं. एवढ्या माणसांत तिनं एकटीनंच.

"अर्धवट काही सांगायला जाऊ नकोस," सर मला म्हणाले. "त्या बाईच्या जिवाला घोर लागेल." सरांचं बरोबर होतं. तरी मी शेवटी ठरवलं, जाऊन सांगायचं. ते काहीतरी बोलत होते वहिनी, आणि मी त्यांचं बोलणं तोडलं. एवढंच सांगायचं, मग त्यांनी मला काय वाटेल ते बोलावं.

मी गेले त्या दिवशी वहिनींच्या दारात टेम्पो उभा होता. त्यांचे भाऊ मनोहरराव नागपूरहून आले होते. तिथं त्यांच्या घराची मागची खोली रिकामी होती, एका वसतिगृहात वहिनींसाठी स्वयंपाकघरावर देखरेखीचं काम पाहून ठेवलं होतं, आणि त्यांच्या नववीतल्या लेकीला, रंजूला, चांगल्या शाळेत घालायचं ठरलं होतं. गाद्या टेम्पोत चढल्या होत्या. रंजू पुढं ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन बसलीही होती.

वहिनी आत रिकाम्या स्वयंपाकघरात डबे पोत्यात भरत होत्या.

"ये वासंती. बस. बसाले काही ठेवलं नाही पन."

"जाताय?"

"जातो न बाई. इथं राहून काय करू? माह्या बोलन्यावरून गेले ते. रागानं गेलेला मानूस वापस येत नाही." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "दुसरं काही कारण असतं तं मी हालली नसती. दारातच बसली असती वाट पाहत. पन माह्यामुळंच गेले तं मंग काय वाट पाहू?"

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी तालमीत ते एक वाक्य बोलत होते."

त्यांचे हात थांबले. "कोनतं वाक्य?"

मी सगळं सांगितलं. मृणाल, चाचणी, न्यायमूर्ती. "आणि मग ती म्हणाली, मला आता फक्त. तर भाऊ म्हणाले, मले आता फक्त…"

"फक्त काय?"

आता फक्त मी ओरडले हे सांगायचं राहिलं होतं. सोपं होतं. चार शब्द होते. पण वहिनी माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होत्या, त्या डोळ्यांना 'मला ऐकू आलं नाही' कसं सांगायचं? आणि का ऐकू आलं नाही, ते कसं सांगायचं? एक वाक्य समोर अर्धं पडलं होतं, आणि अर्धं वाक्य पूर्ण करायची मला खोडच होती.

"मले आता फक्त घरी जाचं हाय," मी म्हणाले. "असं म्हणाले ते."

वहिनी खालीच बसल्या.

"घरी म्हनले?"

"हो."

"मले म्हनले? मला नाही?"

"मले."

हे खरं होतं. सगळ्यात वाईट म्हणजे एवढं एक त्यात खरं होतं, आणि तेवढ्यानं बाकीचं सगळं खरं झालं.

वहिनी रडल्या नाहीत. त्या पदरानं तोंड पुसून उठल्या. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसला, आणि खरं सांगते, तो पाहून मला क्षणभर बरं वाटलं. मी चांगलं केलं असं वाटलं. मग त्या दाराशी गेल्या आणि भावाला म्हणाल्या, "दादा, सामान उतरव. मी येत नाही."

"काय?" मनोहरराव दोर बांधता बांधता वळले. "येडी झाली का इंदू?"

"ते माह्यावर रागावून गेले नाही. त्याइले घरीच याचं होतं. अडकले असतीन कुठं तरी. ते येतीन तवा घराले कुलूप दिसलं तं कुठं जातीन?"

"अन् पोरीची शाळा? तुहं काम? वसतिगृहाच्या बाईले मी शब्द देऊन आलो."

"पाहू मंग."

"हे कोनी सांगितलं तुले?"

"वासंतीनं आपल्या कानानं ऐकलं."

मनोहरराव माझ्याकडे आले. साधे, दमलेले गृहस्थ होते. त्यांनी मला हळू आवाजात, वहिनींना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "पोरी, खरंच म्हनले का ते? तिच्या जलमाचा सवाल हाय म्हनून इचारून रायलो."

त्यांना माझ्याबद्दल शंका होती असं नाही. त्यांना फक्त माझ्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. तोंड उघडून 'नाही' म्हणायला मला तेवढी एक संधी मिळाली होती, आणि ती त्यांनी माझ्या हातात आणून दिली होती. वहिनी मागं दारात उभ्या होत्या. माझ्याकडेच पाहत होत्या.

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी गाद्यांचा दोर सोडला. रंजू टेम्पोतून खाली उतरली. तिला काय झालं ते कोणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. जड ट्रंक होती, ती एका बाजूनं तिनं धरली आणि दुसऱ्या बाजूनं मी.

प्रल्हादभाऊ आले नाहीत. कुठं गेले, का गेले, आहेत की नाहीत, आजवर कळलं नाही. वहिनींनी गावातच लोकांच्या घरी पोळ्या केल्या, मग कुरडया, पापड. मनोहररावांनी आणखी दोनदा टेम्पो आणला. दोन्ही वेळा त्या त्यांना तेच वाक्य म्हणून दाखवत. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नाही, आणि कोणी काही बोललं की त्यालाही त्या तेच वाक्य सांगत. मी तालुक्यातच मास्तरीण झाले, पुढं नाटकं लिहायलाही लागले, थोडंफार नावही झालं. मृणालची चाचणी मात्र नंतर कधीच दिली नाही, कोणतीच दिली नाही. मासिकात 'तुम्ही कसे आहात' असं काही दिसलं की मी पान उलटते.

रंजू दहावीनंतर शिकली नाही. तिचं लग्न गावातच झालं. मांडवात सगळी गर्दी जेवायला बसली होती तेव्हा ती मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. हिरवा शालू, हातभर चुडा.

"ताई, एक इचारू? आज खरं सांगजो."

"विचार."

"बाबा खरंच म्हनले होते का, घरी जाचं हाय म्हनून? का आईले बरं वाटावं म्हनून तू…" ती थांबली. "मी कोनाले सांगनार नाही. मले फक्त माहीत पायजे."

तिच्या हक्काचं होतं ते. त्या वाक्यासाठी तिची नागपूरची शाळा गेली होती, आईचा जन्म गेला होता. मी ठरवलं, आता सांगायचं. मी डोळे मिटले आणि ती संध्याकाळ आठवायला लागले. खिडकी, मृणाल, भाऊंची बोटं. 'मले आता फक्त…' आणि त्यांच्या पुढं माझा ओरडा शोधायला लागले.

तो ऐकू आला नाही. मला भाऊ ऐकू आले, खालच्या आवाजात, स्पष्ट: घरी जाचं हाय.

"हो गं," मी म्हणाले. "खरंच म्हणाले होते."